समजून घ्या : आजोबांचं सागवानी कपाट दुरुस्त करायचं की मोडीत काढायचं?

इमारत पुनर्विकासाला गेली आहे. घर रिकामं करायला आठ दिवस उरलेत. आतल्या खोलीत दोन मोठ्या वस्तू अजून तशाच उभ्या आहेत. एक दोन दारांचं सागवानी कपाट आणि एक जुना पलंग.

कपाटाची अवस्था बघवत नाही. मागचा एक पाय भुसभुशीत झालाय, उजवं दार लागत नाही, पाठीच्या खालच्या फळीला बोट लावलं की माती गळते. पलंग मात्र धडधाकट दिसतो. डोक्याकडच्या फळीवर सुंदर कोरीवकाम आहे. फक्त बसलं की करकरतो.

जुनं सामान घेणारा येतो, दोन्ही वस्तूंभोवती एक फेरी मारतो आणि दोन्हींचा मिळून उक्ता भाव सांगतो. कपाट तसं भंगारच आहे, पलंगामुळे घेतोय, असंही ऐकवतो. घरात तीन मतं आहेत. आजींना कपाट हवंय. मुलाला दोन्ही नकोत, कारण नव्या फ्लॅटमध्ये जागा नाही. नातीला पलंगाच्या फळ्यांचं टेबल करून घ्यायचंय.

मुंबई-पुण्यापासून सांगली-चिपळूणपर्यंत कितीतरी घरांत थोड्याफार फरकानं हेच चाललेलं असतं. कुठे पुनर्विकास, कुठे वाड्याची वाटणी, कुठे पुराचं पाणी. निर्णय बहुतेक वेळा अर्ध्या तासात आणि डोळ्यांना जे दिसतं त्यावर होतो. पण लाकडाच्या बाबतीत डोळे हमखास फसवतात. आणि एकदा करवत चालली की ती चूक दुरुस्त होत नाही.

मग ठरवायचं कसं?

आधी हे ठरवा : 'अँटिक' म्हणजे नक्की काय?

जुनी वस्तू दिसली की आपण तिला 'अँटिक' म्हणतो. कायद्याची व्याख्या वेगळी आहे. पुरावशेष आणि कलानिधी कायदा, १९७२ नुसार कला-कारागिरीची वस्तू किमान १०० वर्षं जुनी असेल, तर ती 'पुरावशेष' या व्याख्येत येऊ शकते. घरातलं १९५०-६० च्या दशकातलं कपाट जुनं आहे, पण या अर्थानं अँटिक नाही.

मात्र अँटिक नाही म्हणजे किंमत नाही, असंही नाही. इथे लाकडाचा इतिहास कामाला येतो.

१८६३ मध्ये मुंबईत 'बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन' ही कंपनी उभी राहिली. ब्रह्मदेशातला साग तोडून विकणं हा तिचा मोठा व्यवसाय होता. या कंपनीचा तिथल्या राजाशी झालेला वाद १८८५ च्या तिसऱ्या इंग्रज-बर्मा युद्धाचं एक कारण ठरला. त्या काळात आणि पुढेही 'बर्मा टीक' मुंबईच्या बंदरातून घराघरांत पोहोचला. पुढे म्यानमारनं १ एप्रिल २०१४ पासून सागाचे ओंडके बाहेर पाठवण्यावर बंदी घातली. म्हणजे जुन्या वाड्यात, कपाटात, पलंगात अडकलेलं हे लाकूड आज तशा दर्जाचं नव्यानं मिळणं अवघड आहे.

अर्थात जुना म्हणून प्रत्येक साग बर्माचा नसतो. आलापल्ली, बल्लारपूरकडचा सागही उत्तम असतो. विकणारा आणि घेणारा दोघंही 'बर्मा' हा शब्द सोयीनं वापरतात. त्यापेक्षा वस्तूकडे नीट बघणं जास्त उपयोगाचं.

कपाटाची पाठ आणि खणांची खालची बाजू बघा. हातकरवतीच्या किंचित वेड्यावाकड्या रेषा, एकमेकांशी तंतोतंत न जुळणारे हातानं कापलेले सांधे, खिळ्यांऐवजी लाकडी खुंट्या, या जुन्या कामाच्या खुणा आहेत. पाठीला प्लायवूड असेल तर निदान तो भाग तरी नंतरचा आहे.

पहिलं काम : काहीच करू नका, वाळू द्या

वस्तू ओली असताना घेतलेला निर्णय जवळपास नक्की चुकतो. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणला पूर आला, तेव्हा घरातलं सामान रस्त्यावर काढावं लागलं. अशा वेळी फुगलेलं दार आणि सुटलेले सांधे बघून वस्तू संपली असंच वाटतं.

पण जुन्या आणि नव्या फर्निचरमध्ये इथे मोठा फरक आहे. पार्टिकल बोर्ड म्हणजे भुसा आणि चिकटद्रव्य दाबून केलेला पत्रा. तो पाणी पिऊन फुगला की परत मूळ आकारात येत नाही. अखंड लाकूड फुगतं, पण हळूहळू वाळलं की बऱ्याच अंशी पूर्वीसारखं होतं.

सांधे सुटण्याचं कारणही समजून घेण्यासारखं आहे. फेविकॉल बाजारात आलं १९५९ मध्ये. त्याआधी सुतार सरस वापरायचे. जनावरांची हाडं आणि कातडी उकळून केलेला हा डिंक गरम करून लावला जायचा. तो पाण्यात आणि उष्णतेत सुटतो. म्हणजे पुरातून निघालेलं जुनं कपाट सांध्यांतून सुटं झालं, तर अनेकदा लाकूड तुटलेलं नसतं, फक्त सरस विरघळलेला असतो. तो साफ करून कपाट पुन्हा जोडता येतं.

वाळवण्याची पद्धत साधी आहे :

- चिखल सुकण्याआधी स्वच्छ पाण्यानं, मऊ फडक्यानं पुसून काढा.
- सहज निघतील तेवढेच खण काढा. अडकलेला खण ओढू नका, वाळल्यावर तो आपोआप सैल होतो.
- दारं उघडी ठेवा, वस्तू विटांवर चढवा, सगळ्या बाजूंनी वारा लागू द्या.
- उन्हात ठेवू नका. वरचा थर आधी आकसतो, आतला ओला राहतो आणि फळी तडकते.

याला दिवस नाही, आठवडे लागतात. सुताराकडे आर्द्रतामापक असेल तर सोपं जातं. त्याच घरातल्या न भिजलेल्या लाकडाइतका आकडा भिजलेल्या लाकडानं दाखवला की पुढचं काम सुरू करायचं.

नुकसान कातडीचं की हाडांचं?

निर्णयाचा सगळा भार या एका प्रश्नावर आहे. उडालेलं पॉलिश, पाण्याचे पांढरे डाग, फुटलेली काच, तुटलेली मूठ, उसवलेला वेत हे वस्तूच्या कातडीचं नुकसान. ते कितीही भयानक दिसलं तरी भरून येतं. उभे खांब, त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या आणि त्यांचे सांधे ही हाडं. वस्तू जगणार की नाही, हे हाडं ठरवतात.

हाडं तपासायला तज्ज्ञ लागत नाही. दाभण, मोजपट्टी आणि काळा कागद एवढ्यावर काम भागतं.

१. दाभण टोचा. पायांची टोकं, पाठ, खणांच्या खालची बाजू, भिंतीला लागणारा भाग अशा लपलेल्या जागी टोचा. चांगला साग दाभणाला अडवतो. दाभण बुचात शिरावं तसं आत गेलं तर तिथलं लाकूड संपलं आहे. मग दर इंचावर टोचत वर जा आणि लाकूड कुठे घट्ट होतं तिथे खडूनं रेघ मारा. नुकसान चार इंचांचं आहे की दोन फुटांचं, हे ती रेघ सांगते.

२. काळा कागद ठेवा. लाकडाला बारीक गोल भोकं दिसली म्हणजे किडा आत आहेच असं नाही. भोक हे बरेचदा किडा बाहेर पडून गेल्याची खूण असते. वस्तू झटकून तिच्याखाली काळा कागद पसरा. आठ-पंधरा दिवसांत त्यावर पिठासारखा ताजा भुसा पडला, तर कोकणात ज्याला भिरूड म्हणतात ती कीड अजून जिवंत असण्याची शक्यता आहे.

३. वाळवीची नळी मोडा. वाळवी मातीच्या नळ्या करून चालते. नळीचा एक तुकडा मोडून ठेवा. काही दिवसांत तो पुन्हा बांधला गेला तर वाळवी चालू आहे.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेल आणि रसायनं असतात, म्हणून वाळवी आणि कीड त्याला सहसा लवकर लागत नाही. पण त्याच झाडाचं सालीलगतचं फिकट लाकूड तेवढं टिकाऊ नसतं. जुन्या सुतारांनीही पाठीला, आतल्या पट्ट्यांना असं लाकूड किंवा दुसरं स्वस्त लाकूड वापरलेलं असतं. म्हणूनच पाठ पूर्ण पोखरलेली आणि समोरची चौकट ठणठणीत, असं चित्र अनेकदा दिसतं.

४. कर्ण मोजा. दाराच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजपट्टीनं मोजा. दोन्ही सारखे असतील तर चौकट काटकोनात आहे. फरक असेल तर ती तिरकी झाली आहे आणि दार त्यामुळेच लागत नाही. पण दार रंधायला देण्याआधी खचलेल्या पायाखाली पुठ्ठ्याच्या घड्या सरकवून बघा. कित्येकदा कपाटात दोष नसतो, पाय झिजलेला असतो किंवा फरशी उतरती असते.

५. हलवून बघा, पण नेमकं काय हलतंय ते बघा. जुने सांधे म्हणजे एका लाकडात कोरलेलं भोक आणि दुसऱ्याला काढलेली, त्या भोकात बसणारी जीभ. सुतार या जिभेला कुसू म्हणतात. कुसू शाबूत आहे आणि फक्त सैल झालंय, तर ते काम सोपं. कुसू मोडलंय किंवा भोकाच्या कडेनं खांब उभा चिरला आहे, तर काम मोठं.

दुरुस्ती कधी परवडते?

चारपैकी तीन खांब पूर्ण चांगले आहेत आणि चौथा फक्त टोकाला खराब आहे, अशी वस्तू सहसा दुरुस्त करावी. खराब टोक तिरकं कापून तिथे त्याच जातीच्या, शक्यतो जुन्याच लाकडाचा तुकडा जोडता येतो. तिरका जोड सरळ जोडापेक्षा मजबूत होतो, कारण डिंकाला धरायला जास्त जागा मिळते.

सुताराशी बोलताना पुढच्या गोष्टी आधी स्पष्ट कराव्यात.

जुना सरस काढल्याशिवाय नवा डिंक नको. फेविकॉलसारखा पांढरा डिंक लाकडाला धरतो, जुन्या सरसाच्या थराला नीट धरत नाही. सांधा न उघडता वरून डिंक ओतला तर वर्षभरात तो पुन्हा सुटतो.

सैल सांध्यात खिळा नको. खिळा कुसू फोडतो. पुढच्या वेळी ती वस्तू दुरुस्तीच्या पलीकडे गेलेली असते.

दाराची मधली फळी डिंकानं पक्की करू नका. चौकटीच्या खाचेत ती मुद्दाम मोकळी बसवलेली असते. लाकूड पावसाळ्यात आडवं पसरतं, उन्हाळ्यात आकसतं. फळी पक्की केली की येत्या मे महिन्यात तिला तडा जातो. फट दिसते म्हणून लांबी भरणं हीही तीच चूक.

मशिननं घासायला देण्याआधी थांबा. जुन्या वस्तूंवर बहुतेक वेळा लाखेचं स्पिरिट पॉलिश असतं. लपलेल्या कोपऱ्यात कापसानं स्पिरिट लावून बघा. थर मऊ होऊन चिकट लागला तर ते लाखेचं आहे आणि न घासता, त्याच पद्धतीनं पुन्हा उजळता येतं. मशिन मात्र नुसतं पॉलिश काढत नाही, कोरीवकामाच्या कडाही खाऊन टाकते.

वस्तूवर जुना तेलरंग असेल तर आणखी एक काळजी. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपेक्षा जास्त नसावं, हा नियम भारतात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं. असा रंग घरात कोरडा घासला तर त्याची धूळ लहान मुलांसाठी विशेष घातक असते.

वस्तू दुर्मीळ असेल, त्यावर चित्रकाम किंवा जडावकाम असेल, तर सुताराआधी संवर्धकाला दाखवावी. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कला संवर्धन केंद्र आहे. 'इन्टॅक' या संस्थेचीही संवर्धन केंद्रं आहेत.

सुटे भाग काढणं कधी योग्य?

प्रत्येक जुनी वस्तू वाचवायलाच हवी, हा हट्टही बरोबर नाही. दोन-तीन खांब आतून पोकळ आहेत, सांध्यांपाशी लाकूड चिरलं आहे, निम्म्याहून जास्त भाग नवा घालावा लागणार आहे, अशी वस्तू 'दुरुस्त' केली तरी प्रत्यक्षात ती नवीच होते. जिवंत वाळवी किंवा कीड असलेली वस्तू उपचार न करता नव्या घरात नेणं तर सगळ्या घराला महागात पडू शकतं.

अशा वेळी सुट्या भागांना खरी किंमत असते. कोरलेल्या फळ्या, कातलेले पाय, पितळी मुठी आणि बिजागऱ्या, जुनी कुलपं, जाड काचेचे आरसे आणि अखंड रुंद फळ्या. चौदा-पंधरा इंच रुंदीची, जोड नसलेली सागवानी फळी आज सहज मिळत नाही.

काही खुर्च्या तर सुट्या भागांसाठीच जन्मलेल्या असतात. इराणी हॉटेलातली वाकवलेल्या लाकडाची गोल बैठकीची खुर्ची आठवा. तिचं मूळ आहे मिखाएल थोनेट यांची १८५९ ची '१४ नंबर' खुर्ची. वाफेवर वाकवलेले ६ भाग, १० स्क्रू आणि २ नट, एवढीच तिची सामग्री. सुट्या केलेल्या ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावायच्या. अशा दोन मोडक्या खुर्च्यांतून एक चांगली खुर्ची करणं म्हणजे तोडफोड नाही, तो तिचा स्वभावच आहे.

सागवानी कपाटाचं तसं नाही. त्याचे भाग एकमेकांसाठी मापून केलेले असतात.

'नुसतं लाकूड तरी मिळेल' हे गणित किती खरं?

इथे बहुतेक घरं फसतात. वस्तू मोडली तर तिच्यातलं सगळं लाकूड मिळेल, असं गृहीत धरलं जातं. एका पायाचं गणित करून बघू.

समजा, पाय अडीच फूट लांब आणि ३ बाय ३ इंच जाड आहे. असे चार पाय म्हणजे साधारण ०.६२ घनफूट लाकूड. पायाच्या दोन्ही टोकांना सांध्यांची भोकं आहेत. तिथली तीन-तीन इंच सोडून दिली की लांबी उरली दोन फूट. २० टक्के लाकूड इथेच गेलं.

आता जुना थर काढायला चारही बाजूंनी इंचाचा आठवा भाग रंधला. ३ इंचांचे झाले पावणेतीन. दोन्ही बाजूंचा हिशोब धरला तर आणखी १६ टक्के कमी. चार पायांचं ०.६२ घनफूट प्रत्यक्षात सुमारे ०.४२ घनफूट होतं. म्हणजे तिसरा हिस्सा भुसा आणि तुकड्यांत गेला. त्यातून खिळ्यांची भोकं, भेगा आणि करवतीची रुंदी अजून वजा व्हायची आहे. लाकडात राहिलेला एखादा खिळा मशिनचं पातं मोडतो, म्हणून अनेक कारखाने जुनं लाकूड घ्यायला कुरकुरतात. घेतलं तर खिळे काढण्याची मजुरी वेगळी.

म्हणून मोडायचा निर्णय घेण्याआधी तीन आकडे कागदावर लिहा :

- दुरुस्तीचा खर्च. सुताराचे दिवस, लाकूड, पॉलिश आणि वाहतूक धरून. निदान दोघांकडून विचारा.
- त्याच मापाची, त्याच लाकडाची नवी वस्तू करायचा खर्च. प्लायवूडच्या कपाटाशी तुलना करायची तर ती फक्त वापरापुरती, टिकाऊपणाची नाही.
- वस्तू आहे तशी विकली तर येणारी रक्कम.

पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा बराच कमी असेल आणि घरात वापर असेल, तर दुरुस्ती. वापर नसेल तर तिसरा आकडा बघा आणि अखंड विका. दुरुस्तही होत नाही आणि अखंडही कोणी घेत नाही, तेव्हाच सुटे भाग.

तोडणं आणि सोडवणं यात फरक आहे

जागा नाही म्हणून कपाट फोडलं जातं, पण अनेक जुनी मोठी कपाटं मुळात सुटी होणारीच असतात. वरची पट्टी खुंट्यांवर बसवलेली असते, पाठीच्या फळ्या खाचेत सरकवलेल्या असतात. पलंगही कड्यांवर किंवा पाचरांवर जोडलेला असतो. जिन्यातून किंवा लिफ्टमधून जाणार नाही म्हणून करवत काढण्याआधी जाणत्या सुताराला दाखवा. नव्या घराचं दार, लिफ्ट आणि ज्या भिंतीला कपाट लागणार ती भिंत, तिन्ही आधी मोजून घ्या.

सोडवताना प्रत्येक सांध्याच्या दोन्ही बाजूंना तोच नंबर लिहावा. चारही बाजूंचे फोटो काढावेत. मुठी, बिजागऱ्या, खुंट्या एका पिशवीत भरून ती पिशवी कपाटालाच बांधावी. सुटे भाग हरवतात आणि मग चांगली वस्तूही पुन्हा उभी राहत नाही.

सुटे भाग काळजीनं जपले तर काय होऊ शकतं, हे पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात बघायला मिळतं. कोथरूडच्या मस्तानी महालाचे उरलेले भाग आणून तिथे त्या महालाचं दालन पुन्हा उभं केलेलं आहे. वास्तू मूळ जागी टिकली नाही, पण तिचे भाग एकत्र राहिले म्हणून ती आज दिसते. तेच लाकूड वेगवेगळ्या घरांत वाटलं गेलं असतं तर त्याचा महाल झाला नसता.

विकताना काय काळजी घ्यावी?

मुंबईत चोर बाजारातली मटण स्ट्रीट, जोगेश्वरी-ओशिवऱ्याचा फर्निचर बाजार आणि पुण्यातला जुना बाजार ही जुन्या सामानाची ओळखीची ठिकाणं. विकण्याआधी तिथे फिरून साधारण तशाच वस्तूचा भाव विचारून यावा. दुकानातला भाव आणि घरी मिळणारा भाव यात फरक असणारच, कारण वाहतूक, दुरुस्ती आणि गोदामाचं भाडं व्यापाऱ्याच्या खिशातून जातं. पण निदान अंदाज येतो.

दोन वस्तूंचा मिळून उक्ता भाव घेऊ नये. प्रत्येक वस्तूचा वेगळा विचारावा. त्यातून कोणती वस्तू खरोखर हवी आहे, ते कळतं.

कायद्याच्या तीन गोष्टीही माहीत हव्यात :

- हस्तिदंत : जडावकाम हस्तिदंताचं असेल तर त्याची खरेदी-विक्री वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा ठरू शकते. वस्तू वडिलोपार्जित असली तरी. बरंच जुनं जडावकाम हाडाचंही असतं, पण ती खात्री विकण्याआधी करून घ्यावी.
- परदेशी पाठवणं : १०० वर्षांहून जुनी कलावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. अमेरिकेतल्या मुलीकडे आजोबांची आरामखुर्ची पाठवायची असेल, तर ती पुरावशेष नाही, असं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं प्रमाणपत्र घेतलेलं चांगलं.
- शिसवी फर्निचर : शिसवाची प्रजाती २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापार नियंत्रणाच्या यादीत आहे. परदेशी नेताना परवाना लागू शकतो.

तिसरा पर्यायही असतो

दुरुस्ती किंवा मोडणं यापैकी एक आजच निवडायला हवं, असं नाही. किडीवर उपचार करून, खचलेल्या पायाखाली टेकू देऊन, वस्तू कोरड्या जागी भिंतीपासून चार बोटं लांब ठेवता येते. दुरुस्ती पुढच्या वर्षी करता येते. मोडलेली वस्तू पुढच्या वर्षी जोडता येत नाही. म्हणून मोडण्याचा पर्याय नेहमी यादीत शेवटी ठेवायचा.

मग त्या खोलीतल्या दोन वस्तूंचं काय?

आता सुरुवातीच्या खोलीत परत जाऊ. या वेळी हातात दाभण आहे.

कपाटाचा मागचा पाय चार इंचांपर्यंत मऊ लागतो, त्यावर दाभण शिरत नाही. बाकी तीन खांब दगडासारखे. पाठीची खालची फळी गेलेली आहे, पण ती फिकट लाकडाची आहे आणि बदलता येते. पायाखाली पुठ्ठा सरकवल्यावर अडणारं दार अर्ध्याहून जास्त लागतं. म्हणजे एक जोड, एक फळी आणि पॉलिश. वरची पट्टी खुंट्यांवर आहे, त्यामुळे कपाट सुटं होऊन लिफ्टमधूनही जाईल.

पलंगाच्या दोन्ही लांब पट्ट्यांत दाभण सरळ आत जातं. वरून पॉलिश, आत भुसा. करकरण्याचं कारण तेच होतं. चारही खांब सांध्यांपाशी चिरले आहेत. माप जुनं, तयार गादी बसत नाही. शाबूत आहे ती फक्त डोक्याकडची कोरीव फळी. तिला कीड नाही. ती काढून नव्या पलंगाला लावता येईल किंवा आजींच्या खोलीत भिंतीवर बसवता येईल. नातीचं टेबल मात्र या लाकडात होणार नाही.

ज्याला भंगार म्हटलं गेलं ते कपाट पुढच्या पिढीलाही पुरेल. ज्याच्यासाठी सौदा ठरत होता तो पलंग सुट्या भागांचा धनी निघाला. दाभण, मोजपट्टी आणि पुठ्ठा, तीनही वस्तू घरातच होत्या. तपासायला अर्धा तास लागला. उक्त्या भावावर हो म्हणायलाही तेवढाच लागला असता.